आयपॉडपूर्वीचा खिसा रिकामा नव्हता

१/ खिशातल्या डिजिटल संगीताचा इतिहास सांगताना १९७९चा वॉकमन, २००१चा आयपॉड आणि २००७चा आयफोन अशा तीन पायऱ्या रचण्याची प्रथा पडली आहे. ही वंशावळ सोयीची आहे आणि चुकीचीही. बखरकाराने नावडत्या भाऊबंदांची नावे गाळावीत, तशी तिच्यातून एक अख्खी शाखा गाळली गेली आहे. पत्ते, भेटीच्या वेळा आणि टिपणे ठेवण्यासाठी घेतलेल्या पीडीएवर, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या ऑर्गनायझरवर, गाणी ऐकणाऱ्यांची ती शाखा.

२/ आयपॉड हा पहिला एमपीथ्री प्लेअर नव्हे, एवढे आता बहुतेक जण मान्य करतात. दक्षिण कोरियाचा एमपीमॅन आणि अमेरिकेतला डायमंड रिओ हे दोन्ही १९९८चे. मेमरी ३२ एमबी, म्हणजे १२८ केबीपीएसची जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. परंतु हे कबूल करणारेही पीडीएचे नाव निघताच ‘फसलेला प्रयोग’ म्हणून पान उलटतात.

३/ फसले नेमके काय, ते तरी पाहावे. १९९६च्या पायलटमध्ये १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि पिकपिक करण्यापलीकडे आवाजाची सोय नव्हती. १९९९च्या हँडस्प्रिंग व्हायझरच्या पाठीत एक खाच होती. तिच्यात मिनीजॅमसारखे एमपीथ्री मोड्यूल बसत असे. गाणे उलगडण्याचे काम मात्र मोड्यूलच करी. व्हायझर नुसता यजमान.

४/ खरे वळण २००० साली आले. कॉम्पॅकच्या आयपॅकमध्ये २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, ३२ एमबी रॅम आणि हेडफोनची जागा होती. अपूर्णांकांचे गणित करणारा स्वतंत्र विभाग त्या चिपमध्ये नव्हता, आणि एमपीथ्री उलगडणे म्हणजे तर अखंड अपूर्णांकांचेच गणित. प्रोग्रामरांनी ते सारे पूर्णांकांत बसवले. त्या क्षणी संगीताला वेगळ्या यंत्राची गरज उरली नाही; कॅलेंडर आणि वहीच्या शेजारी बसणारा तो आणखी एक प्रोग्राम झाला. या घटनेला इतिहासाच्या पुस्तकांत एक ओळही मिळू नये, हे अनाकलनीय आहे.

५/ अडचणी होत्या, त्या झाकण्याचे कारण नाही. सिरियल केबलने ४ एमबीचे एक गाणे चढवायला सुमारे सहा मिनिटे लागत. जास्त गाणी हवीत तर वरून आवरण चढवून त्यात कार्ड घालावे लागे. आयबीएमची १ जीबीची इवलीशी हार्ड डिस्क २००० सालीच आली होती, पण ती महाग. आयपॉडने ५ जीबीची डिस्क आणि वेगवान फायरवायर एकाच डबीत ३९९ डॉलरला दिले. हे यश खरे आहे. मात्र ते साठवणीचे आणि वेगाचे यश होते. उपकरण कसे असावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते.

६/ ते उत्तर आयपॅकपाशी होते. त्यावर मालक हवा तो प्लेअर चढवू शके. कॉम्पॅकच्याच केंब्रिजमधील प्रयोगशाळेने त्यावर लिनक्स चालवून दाखवले होते. एक बटण असे ठरवता येई की ते दाबताच पडदा विझे, बॅटरी वाचे आणि गाणे चालू राही. आजच्या फोनवर कुलूप लावून गाणी ऐकणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण पहिल्या आयपॉडवर बाहेरचा प्रोग्राम घालण्याची अधिकृत वाटच नव्हती. (पहिले काही महिने तर तो फक्त मॅकशी बोलत असे.)

७/ विक्रीचा आकडा हाच महत्त्वाचा पुरावा मानणाऱ्यांना हे पटत नाही. विजेत्याच्या दरबारातून लिहिलेल्या इतिहासाला जे तरुण वाचक एरवी हसतात, तेच तंत्रज्ञानाच्या बाबतीत कंपनीच्या सादरीकरणाला अस्सल साधन समजतात. २०२२ साली बंद झालेला शेवटचा आयपॉड, आयपॉड टच, हा स्वतःच खिशातला संगणक होता आणि संगीत त्यातला एक प्रोग्राम. वारसा कोणाचा, ते उघड आहे.

८/ विस्मरणाला एक भौतिक कारणही आहे. त्या काळच्या पॉकेट पीसींमध्ये मालकाची गाणी, याद्या आणि त्याने चढवलेले प्रोग्राम प्रामुख्याने रॅममध्ये राहत. बॅटरी पूर्ण उतरली की सारे पुसले जाई. ही उणीव दूर करणारी विंडोज मोबाइल ५ ही प्रणाली २००५ साली आली. जुन्या बाजारातला आयपॉड चार्ज केला, तर पहिल्या मालकाची गाणी अजूनही सापडू शकतात. आयपॅक चार्ज केला, तर तो नवाकोरा होऊन जागा होतो आणि तारीख विचारतो.