व्यवसायाचा कोरा रकाना

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची सूची तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. छापील अर्ज भरून परत येऊ लागले. डॉक्टर, अभियंता, तलाठी, परिचारिका, शिक्षक अशा नोंदी वाचताना मन भरून येत होते. एका अर्जात मात्र नाव, गाव, दहावीचे वर्ष सारे सुवाच्य अक्षरांत होते आणि ‘व्यवसाय’ हा रकाना कोरा होता. मी दूरध्वनी केला. पलीकडून उत्तर आले, “सर, एसटीत ड्रायव्हर आहे. पण ते छापू नका. बाकीची मुलं साहेब झालीत.”

मी त्याला रागावू शकलो नाही. कारण असाच एक रकाना मीही आजवर कोरा ठेवत आलो आहे. शाळेच्या दप्तरी माझी अर्हता ‘एम.ए. (इतिहास), बी.एड.’ अशी आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांमधल्या काळात मी अवजड वाहन चालवायला शिकलो आणि त्याचा परवानाही काढला, ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही. विद्यार्थ्यांपुढे ती सांगण्यासारखी आहे असे मला वाटले नव्हते.

1994 चा उन्हाळा होता. बी.ए. होऊन मी राजुरात घरी बसलो होतो. लिलावात घेतलेली एक जुनी टाटा बस तेव्हा गावात लग्नाच्या वऱ्हाडासाठी फिरत असे. एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ ती चालवत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पहिले आठ दिवस त्यांनी मला इंजिन सुरूच करू दिले नाही. उभ्या गाडीत बसवून ते एकच पाठ घोकून घेत: क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, रेस दे, पुन्हा क्लच दाब, गिअर टाक. म्हणजेच डबल क्लच. मला हा निव्वळ छळ वाटे. एका गिअरसाठी दोनदा क्लच कशाला, असे मी विचारलेच. उस्तादांनी दोन ताटल्या मागवल्या, एकीवर एक धरल्या आणि म्हणाले, “एक पळतीय, एक निजलीय. निजलेलीला आधी जागी कर, मग हात धर.”

हे उत्तर किती अचूक होते, ते मला नंतर उमगले. गिअरबॉक्समधला एक दांडा चाकांशी बांधलेला असतो. गाडी धावते तसा तो फिरतो. दुसरा दांडा क्लचमार्फत इंजिनाशी जोडलेला असतो. दोहोंच्या दातांची गती जुळली नाही तर ते एकमेकांवर आपटतात आणि पोलाद दळल्यासारखा आवाज होतो. गती जुळवून देणारी सिंक्रोमेशची योजना 1928 साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींत आली. मात्र जड वाहनांत साधे गिअरबॉक्स पुढे कित्येक दशके टिकून होते. अशा गाडीत ती योजना म्हणजे चालक स्वतःच. समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 1200 फेरे घेत आहे. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये त्याला सुमारे 1900 फेरे लागणार आहेत. म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून आतल्या दांड्याला पुन्हा इंजिनाशी जोडायचे, रेस देऊन त्याला त्या गतीपर्यंत न्यायचे आणि मग क्लच दाबून तिसरा टाकायचा. वरचा गिअर टाकताना उलट, रेस न देता गती उतरायची वाट पाहायची. हे सगळे एक-दोन सेकंदांत. उस्तादांच्या गाडीत फेरे दाखवणारा काटा नव्हता. हा हिशेब ते कानाने करत.

विठे घाटात एकदा माझा हिशेब चुकला. उतार लागण्यापूर्वीच तिसरा टाकायला हवा होता. मी तो उतारावर टाकू गेलो आणि गिअर पडेना. गाडी न्यूट्रलमध्ये, मागून भार ढकलतोय, वेग क्षणाक्षणाला वाढतोय. नशिबाने वऱ्हाड उतरवून आम्ही रिकामे परतत होतो. माझा पाय ब्रेकवर गच्च रोवला गेला. उस्तादांनी आवाज चढवला नाही. “ब्रेक सोडून सोडून दाब. वेग मोडू दे. आता क्लच सोड आणि रेस दे. भीती वाटते त्याच्यापेक्षा जास्त दे.” उतारावर बेफाम होणाऱ्या गाडीला आणखी रेस द्यायची, हे शरीराला पटत नाही. ते मी केले आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. इंजिनाने गाडी धरली. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा नियम मी त्या दिवशी शिकलो. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

हे सारे मी या स्मरणिकेत लिहितो आहे, कारण आपण ज्ञान कशाला म्हणतो याविषयी आपल्यात गफलत झाली आहे, असे माझे मत बनले आहे.

पालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी हलका मानत नाही. ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या हातांची कामेच मारली, त्यांनी मुलांच्या हाती लेखणी द्यावी, पाना नको, असे म्हटले तर त्यात चुकले काय? बाबासाहेबांनी शिका म्हटले ते ड्रायव्हर होण्यासाठी नव्हे, हेही मी ऐकले आहे. पण बाबासाहेबांच्याच आयुष्यातील दोन प्रसंग मला या संदर्भात आठवतात. 1901 साली मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमरावांना आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना कोणी गाडीवान नेईना. अखेर दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एकजण तयार झाला. दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण अस्पृश्याला घेऊन स्वतः हाकायला नकार दिला. बाबासाहेबांनी पायी यावे हे वस्तीतील आपल्या माणसांना प्रशस्त वाटेना. म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. पाहुण्याच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे यजमानांच्या ध्यानात आले नाही, अशा आशयाची नोंद त्यांनी पुढे आपल्या आठवणींत केली. मी हा प्रसंग वर्गात वर्षानुवर्षे अस्पृश्यतेचा दाखला म्हणून शिकवला. तो तसा आहेच. परंतु लगाम धरण्याची विद्या आपल्यापाशी नव्हती, ही त्याची दुसरी बाजू मी मुलांपुढे कधी मांडली नाही.

जन्मावरून लादलेले काम आणि समजून-उमजून हस्तगत केलेले कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला नकार देताना आपण दुसरीलाही उंबऱ्याबाहेर ठेवले.

इतिहासाचा शिक्षक म्हणून आणखी एक सांगतो. राज्य परिवहनाची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी अहमदनगर ते पुणे अशी धावली, तीही आपल्याच जिल्ह्यातून. त्या दिवसाचे स्मरण करताना आजही किसन राऊत आणि लक्ष्मण केवटे ही दोन नावे घेतली जातात. पहिले चालक, दुसरे वाहक. एवढ्या मोठ्या संस्थेला स्वतःच्या जन्माची कथा सांगताना चालकाचे नाव घ्यावेसे वाटते आणि आपल्या मुलाला या साध्या सूचीतही ते लपवावेसे वाटते.

माझी सूचना छोटी आहे. शाळेच्या मागच्या अंगणात जी निकामी बस उभी आहे, ती भंगारात काढू नये. तिचा गिअरबॉक्स उघडून नववी-दहावीच्या मुलामुलींना दाखवावा. विज्ञानाच्या पुस्तकातील दंतचक्रे तिथे तेलाने माखलेली, हाताला लागणारी आहेत. गाडी चालवायला कोणी शिकवू नये. कायद्याने त्याला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि प्रवासी वा मालवाहू वाहनासाठी वीस. डबल क्लच आता कालबाह्य झाला, असे विज्ञानाचे सहकारी म्हणतील. बहुतेक नव्या गाड्यांपुरते ते बरोबरच आहे. पण जे काम यंत्र आपल्यासाठी मुकाट्याने करते, ते एकदा स्वतः करून पाहिल्याशिवाय यंत्र कळत नाही. आणि मुलामुलींना, असे मी मुद्दाम लिहिले. जून 2023 मध्ये सासवड आगारातील अर्चना अत्राम आणि सिन्नर आगारातील माधवी साळवे एसटीच्या चालक म्हणून रस्त्यावर उतरल्या, तेव्हा आमच्या वसतिगृहातील मुलींनी वर्तमानपत्रातले ते छायाचित्र कापून ठेवले होते. त्याची वही अजून त्यांच्याकडे आहे.

सूची छापखान्यात जाण्यापूर्वी मी त्या माजी विद्यार्थ्याला पुन्हा दूरध्वनी केला. वरचा घाटाचा प्रसंग त्याला सांगितला. तो मनापासून हसला. “सर, तुम्ही न्यूट्रलमध्ये अडकला होतात?” मग बराच वेळ तो पावसाळ्यातल्या घाटघरच्या रस्त्याविषयी, धुक्यात वळण कसे ओळखायचे याविषयी बोलत राहिला. मी ऐकत होतो. रकान्याचे काय करायचे, असे शेवटी मी विचारले. थोडा थांबून तो म्हणाला, “लिहा, चालक. आणि सर, आगाराचं नावही टाका.”