नांवाचा उतारा कोणाच्या नांवें?

शेताचा एक गुंठा जरी दुसऱ्याच्या नांवावर चढला, तरी आपण तलाठ्याकडे धांव घेतों व फेरफारास हरकत नोंदवितों. परंतु आंबा, द्राक्षें, गूळ, हळद थेट गिऱ्हाइकास विकणाऱ्या आपल्या संस्था इंटरनेटवर ज्या नांवानें दुकान मांडतात, तें नांव कोणाच्या खातीं नोंदलें आहे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. पुष्कळदां संकेतस्थळ तयार करून देणारा गृहस्थच तें स्वतःच्या नांवें नोंदवितो. पुढें मोबदल्यावरून तंटा झाला, कीं गिऱ्हाइकांच्या तोंडीं बसलेला पत्ता त्याच्या हातीं अडकून पडतो.

अशा नांवास डोमेन म्हणतात. त्याची कायमची खरेदी होतच नाहीं. रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या कंपनीकडून तें मुदतीनें मिळतें. ‘डॉट कॉम’ नांव एका वेळीं फार तर १० वर्षांचें. मुंबई कुळकायद्यान्वयें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारें कूळ मालक मानलें गेलें. येथें वीस वर्षें खंड भरला तरी तसा लाभ नाहीं.

तथापि मुदतीचा हक्क हा हक्कच नव्हे, असें मात्र नाहीं. अमेरिकेंत गॅरी क्रेमेन यांनीं १९९४ सालीं नोंदविलेलें एक मोलाचें नांव १९९५ सालीं रजिस्ट्रारनें केवळ बनावट पत्रावरून दुसऱ्यास देऊन टाकलें. क्रेमेन यांस विचारलेंहि नाहीं. २००३ सालीं तेथील अपील न्यायालयानें ठरविलें कीं, डोमेन ही मालमत्ता असून ती अशी परस्पर दिल्यास रजिस्ट्रारवरहि जबाबदारी येऊं शकते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २००४ सालीं सत्यम इन्फोवे खटल्यांत डोमेनला व्यापारचिन्हासारखें संरक्षण मिळूं शकतें, असें सांगितलें. हा न्याय आम्हांस योग्य वाटतो. दप्तर ज्याच्या हातीं, त्यानें चुकीचा भारहि सोसावा. मात्र बनावट पत्रापासून त्या निकालापर्यंत आठ वर्षें लोटलीं. लहान संस्थेस तें कसें परवडावें?

‘डॉट कॉम’सारख्या नांवांचे नियम घालणाऱ्या आयकॅन संस्थेनें १९९९ सालीं तंटे मिटविण्याची एक रीत घालून दिली. परंतु ती व्यापारचिन्ह बळकावणाऱ्याविरुद्ध आहे. रजिस्ट्रारशीं झालेल्या भांडणास ती उपयोगी नाहीं. रजिस्ट्रार बदलावयाचा असल्यास बदलीचा संकेतांक मागणी केल्यापासून ५ दिवसांत मिळावा, असाहि नियम आहे. पण तो मागण्याचा अधिकार नोंदींतील धारकाचा. तात्पर्य, ज्याच्या नांवें उतारा, त्याच्याच बाजूनें नियम उभा राहतो.

म्हणून प्रत्येक संस्थेनें पुढील सभेंतच ठराव करावा. डोमेन संस्थेच्या नांवें असावें. सूचना जाण्याचा ईमेल कोणा नोकराचा नसून संस्थेचा असावा. नूतनीकरणाची रक्कम अंदाजपत्रकांत धरावी व मुदतीची तारीख चिटणीसाच्या वहींत नोंदावी. बांध कोरला गेल्यावर मोजणी मागविण्यापेक्षां आधींच हद्दीचे दगड रोवणें केव्हांहि शहाणपणाचें.