आरामागे 85 रुपये

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. पण त्यामागची अगतिकता खरी आहे. पीक बुडाल्यावर सरकार किती देईल, हे मात्र घटांतूनही कळत नाही.

गेल्या काही वर्षांचा क्रमच पाहावा. केंद्राच्या निकषानुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी 6,800 रुपये मिळत. 2022 साली राज्याने ते दुप्पट केले आणि मर्यादा 2 हेक्टरांवरून 3 हेक्टरांवर नेली. 2025 च्या मे महिन्यात वाढीव दर मागे घेतले गेले. केंद्राचे सुधारित 8,500 रुपये आणि 2 हेक्टरांची मर्यादा उरली. त्याच ऑक्टोबरात, अतिवृष्टीनंतर, मर्यादा पुन्हा 3 हेक्टर झाली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी 10,000 रुपये वेगळे जाहीर झाले. हक्क असा वरखाली होत नाही. होते ती मेहेरबानी.

सातबारा हेक्टर-आरांत लिहिला जातो. त्या हिशेबाने 8,500 म्हणजे एका आरामागे 85 रुपये. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये धरला, तर हेक्टरभर बुडालेल्या पिकाचे मोल दीड क्विंटलाहून किंचित अधिक ठरते.

‘मग विमा का काढला नाही?’ असे शहरी वाचक विचारतील. 2023 च्या खरिपात आलेली एक रुपयात पीकविम्याची सोय 2025 च्या खरिपात बंद झाली. शिवाय तेव्हापासून भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. नाल्याकाठचे एकाचे शेत खरडून गेले आणि मंडळाची सरासरी टिकली, तर हप्ता भरूनही तो विम्याविनाच राहतो. त्याला उरतो तो तलाठ्याचा पंचनामा आणि 33 टक्के नुकसानीची अट.

निकषांतील खरा अन्याय आम्हांस अन्यत्र दिसतो. बागायतीला 17,000, कोरडवाहूला त्याच्या निम्मे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. येथे भूजलच खारे, मग ओलित कशाचे करायचे? 2023 च्या जुलैत संग्रामपूर-जळगाव जामोद भागात पूर आला, तो सातबारा वाचून आला नव्हता. बागायतीचा खर्च अधिक असतो हे मान्य. पण ज्या भागाला सिंचन मिळाले नाही, त्याला त्याच कारणासाठी मदतही कमी, हे दुहेरी वंचन नव्हे काय?

आणि बटईदाराचे काय? बियाणे, खत, मजुरी त्याची. पैसे मात्र सातबाऱ्यावरील मालकाच्या खात्यात. मालक समंजस असला तर वाटा मिळतो, नसला तर नाही. राज्याची मदत अशी दुसऱ्याच्या चांगुलपणावर सोडणे आम्हांस उचित वाटत नाही.

आमचे म्हणणे एवढेच: दर लागवडीच्या खर्चाशी बांधून कायद्याने ठरवावा, तो दरसाल आपोआप वाढावा, आणि पंचनाम्यात मालकासोबत कसणाऱ्याचेही नाव यावे. यात तिजोरीला भार पडेल, हे उघड आहे. पण आज तो सगळा भार सावकाराच्या वहीत पडतो आहे, आणि ती वही कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.