तडीपारी आणि आपली मूक संमती

एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा राजापूर तालुक्यातल्या बायका भर उन्हात गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. पोलिसांनी त्यांना उचलून गाड्यांत कोंबलं. जमावबंदी होतीच, काही पुढाऱ्यांना तर परीक्षणाआधीच ताब्यात घेतलं होतं, काहींना तडीपारीच्या नोटिसा गेल्या होत्या. आणि आपण रत्नागिरीतले शिकलेसवरलेले? "काहीतरी केलं असेल, उगाच कोण धरून नेतं?" एवढं बोलून मोकळे झालो. प्रकल्प हवा की नको, हा वाद वेगळा. विरोध करणाऱ्याला घरादारातून उठवायचं का, हा प्रश्न आपण विचारलाच नाही.

तडीपारी काय असते ते नीट पाहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 56 खाली गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. एखाद्याच्या वावराने धोका आहे आणि साक्षीदार उघडपणे बोलायला धजत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं की प्रांताधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतात. नोटिशीत आरोप ढोबळ, बोट कोणी दाखवलं ते कळत नाही. अपील करायचं तेही राज्य सरकारकडेच! ऐन आंबा-काजूच्या हंगामात कलमं सोडून परजिल्ह्यात गेलेल्या बागायतदाराच्या घरी चूल कशावर पेटणार? हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये जालन्याच्या प्रकरणात बजावलं. कायदा मात्र आहे तसाच आहे.

इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला खटल्याविना याच गावात 1916 साली मरेपर्यंत ठेवलं, सावरकरांना याच जिल्ह्याच्या हद्दीत जखडलं. तो अन्याय आपण मुलांना सांगतो. राजद्रोहाखाली मंडालेला गेलेल्या टिळकांच्या पुतळ्याला हार घालतो. मग शेजाऱ्याच्या दारावर नोटीस लागली की आपली मान का वळते? हा भित्रेपणा आहे, आणि त्याच्याच जोरावर असले कायदे टिकतात.

आणि असल्या कायद्यांत भरच पडते आहे. 10 जुलै 2025 ला विधानसभेने जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं. संघटनेला बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला, गुन्हे अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. सभागृहात ठाम विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी. आपल्या जिल्ह्याच्या आमदारांना कोणी जाब विचारला?

पुढच्या अधिवेशनाआधी त्यांना गाठा. तडीपारीची सुनावणी न्यायाधीशापुढे व्हावी, आरोपाचा तपशील लेखी मिळावा, अपील न्यायालयात चालावं, एवढी दुरुस्ती मागा आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या.