मालक पुष्कळ, वाली एकही नाही

२०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पुणे शहरातले चार व्यावसायिक फुटबॉल क्लब मेले. पुणे एफसी गेला, भारत एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला आणि अखेर इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा एफसी पुणे सिटीही गेला. पाच वर्षांत एखाद्या शहरातल्या चार बँका बुडाल्या असत्या तर विधिमंडळ डोक्यावर घेतले गेले असते, चौकश्या लागल्या असत्या, कोणाच्या तरी दारावर जप्तीची नोटीस चिकटली असती. फुटबॉल क्लब बुडाले तेव्हा मालकांनी चार ओळींचे निवेदन काढले, खेळाडूंनी सामान बांधले आणि प्रकरण तिथेच संपले. आम्हाला ते संपलेले वाटत नाही. हे क्लब नैसर्गिक मरणाने गेलेले नाहीत, आणि ज्यांनी ते मारले त्यांच्याकडून जाब घेतल्याशिवाय या राज्यात नवा क्लब उभा राहू देणे हा गुन्हा ठरेल.

पुणे एफसी २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने काढला. दुसरी श्रेणी ओलांडून तो आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेत आला आणि पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. त्याच्या अकादमीतली पोरे देशभरच्या युवा संघांना भारी पडत होती. क्लब चालवण्याचे ज्याला शास्त्र म्हणतात ते सारे इथे होते : प्रशिक्षक होते, वयोगटांचे संघ होते, शिस्त होती. तरीही एके दिवशी समूहाने हात काढून घेतला आणि आठ वर्षांची मेहनत मातीत गेली. मागे राहिलेली अकादमी नंतर एफसी पुणे सिटीने घेतली. तो क्लबही तीन वर्षांत गेला.

भारत एफसीची कथा अधिक संतापजनक आहे. कल्याणी समूहाला २०१४ मध्ये आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. खालच्या श्रेणीत घाम गाळण्याची अट नाही, तळाला गेला तरी खाली ढकलले जाण्याची भीती नाही. संघ खरोखरच तळाला राहिला, आणि नियमाने त्याला संरक्षण असल्यामुळे त्याच्या जागी खालच्या श्रेणीत कोणाला जावे लागले? गोव्याच्या धेंपो क्लबला! पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा, भारतीय फुटबॉलचे एक दशक गाजवणारा धेंपो खाली गेला आणि ज्याला वाचवण्यासाठी तो खाली गेला त्या भारत एफसीने एकच हंगाम खेळून गाशा गुंडाळला. ज्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने हा नियम केला त्याने या अन्यायाची कोणती भरपाई दिली? पैसेवाल्याला पायघड्या आणि कर्तबगाराला धक्का, हेच या नियमाचे सार होते.

थेट प्रवेशाच्या याच दाराने डीएसके शिवाजीयन्स आला. २०१७ मध्ये तोही बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी मूळ समूहाचे प्रमुख ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अटकेत गेले. एफसी पुणे सिटी वाधवान समूहाच्या हाती होता. याच घराण्याची डीएचएफएल ही वित्तसंस्था २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्याच वर्षी क्लबचा परवाना हैदराबादला रवाना झाला. ठेवीदारांचे हाल सर्वांना दिसले आणि दिसायलाच हवे होते. पण ज्या शहराच्या नावाने संघ खेळत होता, ज्या ‘ऑरेंज आर्मी’ या समर्थकांच्या गटाने बालेवाडीच्या मैदानाच्या पायऱ्यांवर घसा कोरडा केला, त्यांना विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. पुण्याचा क्लब २०२२ मध्ये हैदराबाद म्हणून विजेता झाला. मग तिथेही पगार थकले, खेळाडू सोडून गेले, मालकी बदलली आणि २०२५ मध्ये तोच परवाना दिल्लीला गेला. अकरा वर्षांत तीन शहरे! पथारी उचलून बाजारोबाजार फिरणाऱ्या दुकानाला क्लब म्हणायचे काय?

मुंबईने याहून वेगळे काही पाहिलेले नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप एकाच हंगामात जिंकला. चार वर्षांनी, २०१० मध्ये, शाळकरी मुलांच्या स्पर्धांकडे लक्ष देण्याचे कारण सांगून समूहाने तो संघ बंद केला. मुले खेळावीत म्हणून ज्यांच्याकडे पाहून मुले खेळतात तो संघच मिटवायचा, हा कुठला न्याय? एस्सेल समूहाचा मुंबई एफसी दहा वर्षे टिकला. मुंबईतले कूपरेज मैदान बंद असताना या मुंबईच्या संघाला घरचे सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले. दीडशे किलोमीटरवरच्या मैदानाला घर म्हणणाऱ्या संघाने तिकिटे कोणाला विकायची होती? २०१७ मध्ये तोही गेला.

या मुंबई एफसीला वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांत तगवून ठेवणारे प्रशिक्षक म्हणजे खालिद जमील. मुंबईबाहेर पडताच ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, त्या डोंगरी गावातल्या संघाला भारताचा विजेता करून दाखवले. आज ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. आयझॉलकडे मुंबईतल्या कोणत्याही समूहाच्या तिजोरीचा शंभरावा हिस्सा नव्हता. त्याच्याकडे गाव होते.

आता मालकांचा ठरलेला बचाव ऐका : इथे प्रेक्षकच नाही, मराठी माणूस क्रिकेटवेडा आहे. हे खोटे आहे. ज्याला पटत नसेल त्याने हंगामात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना गर्दीने पायऱ्या फुलतात. पेठेपेठेत फुटबॉलच्या संघांची इरेसरी चालते. इथे ना वाहिनीचे कोट्यवधींचे कंत्राट, ना चित्रपटतारा मालक. पेठेची वर्गणी, व्यापाऱ्याने दिलेले बक्षीस, तालमीच्या कार्यकर्त्यांची उन्हातान्हातली उठबस, यांवर हे संघ पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. याच कोल्हापूरच्या मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. या तालमींत हाणामाऱ्या होतात, हंगामापुरते बाहेरचे खेळाडू आणण्यावर वर्गणीची उधळण होते, हेही आम्ही जाणतो आणि त्याला पाठीशी घालत नाही. पण पाच वर्षांत चार क्लब पुरणाऱ्या शहराने आणि त्याच्या धनिकांनी कोल्हापूरला फुटबॉलचे अर्थशास्त्र शिकवू नये.

हे अर्थशास्त्र समजून घेणे अवघड नाही. क्लबला पैसा मिळतो तिकिटांतून, जाहिरातदारांकडून, प्रक्षेपणातून आणि घडवलेला खेळाडू विकून. आमच्याकडे पहिली वाट मैदानाने बंद केली. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शहराच्या टोकाला बांधलेले. मैदानाभोवती धावपट्टी, प्रेक्षक खेळापासून लांब, रात्री परतायला वाहन मिळण्याची मारामार. मैदान सरकारचे, क्लब भाडेकरू. जाहिरातदार म्हणून आले ते बहुधा मालकाचेच धंदे, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणे. मूळ धंदा आजारी पडला की जाहिरातही गेली आणि क्लबही. प्रक्षेपणाचा पैसा वरच्या वर अडला. राहिला खेळाडू विकण्याचा मार्ग. बारा ते तेवीस वर्षे वयात ज्या क्लबांनी खेळाडू घडवला त्यांना पुढच्या बदलीच्या रकमेतला पाच टक्के वाटा द्यावा, असा फिफाचाच नियम आहे. पण त्याचे फळ मिळायला दहा वर्षे लागतात, आणि आमच्या मालकांचा धीर तीन ताळेबंदांत सुटतो. झाडाला कलम बांधल्याच्या दुसऱ्या वर्षी आंबा मागायचा आणि नाही लागला तर कुऱ्हाड घालायची, असा हा कारभार आहे.

खर्चाची बाजू तर बेबंदशाहीची. पगारांना शिस्त नाही, उतरत्या वयाच्या परदेशी नावांवर उधळलेले पैसे मोजायची सोय नाही आणि सुपर लीगच्या क्लबाला दरवर्षी आयोजकांना सहभागाची फी मोजायची ती निराळीच. हा डोलारा किती पोकळ होता ते २०२५ ने दाखवले. महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क एका समूहाला लिहून दिले होते. त्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे १५ वर्षे आधीपासून भिंतीवर लिहिलेले होते. तरी महासंघ झोपला. जुलैमध्ये लीग स्थगित झाली, काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले, नोव्हेंबरमध्ये नव्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. मँचेस्टर सिटीच्या मालकांनीही वर्षअखेर मुंबई सिटीतून काढता पाय घेतला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा ते हेच सांगत होते : वर्षानुवर्षे स्वतःच्या घामावर उभ्या राहिलेल्या क्लबांना खाली लोटून परवाना विकत घेणाऱ्यांना वर बसवू नका. गोव्याचे ऐकले नाही. ज्या महासंघाने ऐकले नाही तो आज कोणत्या तोंडाने क्लबांना त्याग शिकवतो?

आणि आमचे राज्य सरकार? सप्टेंबर २०१७ मध्ये त्याने दहा लाख मुलांना एका दिवसात फुटबॉल खेळवण्याचा सोहळा केला. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडेवर लिओनेल मेस्सीला आणून हजारो रुपयांच्या तिकिटांचा सोहळा झाला आणि तिथेच तेरा वर्षांखालील साठ मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीची योजना जाहीर झाली. त्या साठ पोरांचे भले होवो. त्यांच्याविषयी आमच्या मनात मायाच आहे. पण ती अठरा वर्षांची होतील तेव्हा खेळणार कुठे? पुण्यात क्लब नाही, नागपुरात नाही, संभाजीनगरात नाही. ज्या शासनाने क्रिकेटच्या सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क २०११ पासूनच्या मागच्या तारखेने कमी केले, इतके की उच्च न्यायालयाला २०२४ मध्ये त्याचे कारण विचारावे लागले, त्याच शासनाला फुटबॉल क्लबाला मैदान वीस वर्षांच्या कराराने देणे का सुचत नाही? श्रीमंत खेळाला सवलत आणि गरीब खेळाला सोहळा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

उपाय परदेशात शोधण्याचे कारण नाही, तरी लाज वाटावी म्हणून एक दाखला देतो. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबातले निम्म्याहून अधिक मताधिकार सभासदांच्याच हाती राहतील. बर्लिनच्या युनियन क्लबाचे मैदान मोडकळीस आले तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी १ लाख ४० हजार तास श्रमदान करून ते पुन्हा उभारले. असा क्लब कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊन दाखवावा!

आणि हे सामर्थ्य महाराष्ट्राला अपरिचित आहे काय? प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून कारखाना उभा केला, तेव्हाही शहाणे लोक म्हणत होते की अडाणी कुणब्याला हे जमायचे नाही. पुढे अनेक कारखान्यांत सग्यासोयऱ्यांची सत्ता बोकाळली. ती कीड क्लबात शिरू द्यायची नसेल तर हिशेब दरवर्षी सभासदांपुढे उघडे ठेवण्याची सक्ती हवी. पण भागधारक माणूस कारखान्याला आपला म्हणतो, वजनकाट्यावर भांडतो, सर्वसाधारण सभेत अध्यक्षाची गचांडी धरतो. पुण्याच्या चार क्लबांच्या प्रेक्षकाला यातला एकही अधिकार नव्हता. त्याच्याकडे होते फक्त तिकीट.

म्हणून आमचे मागणे क्रीडा खात्याकडे आणि पुणे, नागपूर, कोल्हापूर या महापालिकांकडे आहे. यापुढे जो कोणी या राज्यातल्या शहराचे नाव लावून व्यावसायिक संघ काढेल त्याने संपूर्ण वर्षाच्या पगाराची रक्कम आधी बँकेत अनामत ठेवावी. क्लबाचे निम्मे भाग त्या जिल्ह्यातल्या रहिवाशांना, हजार-पाचशेच्या किमतीने, विक्रीला काढावेत. नाव, बोधचिन्ह आणि अकादमी शहराच्या मालकीची राहावी. मालक गेला तरी ती जाऊ नयेत. त्या बदल्यात शासनाने मैदान दीर्घ मुदतीने आणि नाममात्र भाड्याने द्यावे, सामन्याच्या रात्री शेवटच्या प्रेक्षकासाठी शहर वाहतुकीची बस ठेवावी आणि बंदोबस्ताच्या शुल्कात क्रिकेटला दिली तशीच सवलत फुटबॉलला द्यावी. आणि ज्या समूहाला या अटी जाचक वाटतील, तो कितीही मोठा असो, त्याला बालेवाडीची किल्ली देऊ नये.