हृदयदोष असलेल्या बाळाची नाळ बांधण्याची घाई

गर्भातच हृदयदोषाचे निदान झालेले बाळ जन्मते, तेव्हा प्रसूतिगृहात जय्यत तयारी असते. वॉर्मरपाशी नवजात-शिशुतज्ज्ञ उभे असतात, प्रोस्टाग्लँडिन भरून ठेवलेले असते, हृदयशस्त्रक्रिया केंद्राला फोन गेलेला असतो. या तयारीच्या भरात बाळ बाहेर येताच नाळेला क्लॅम्प लागतो. ज्या बाळाचा दोष सोनोग्राफीत निसटला, त्याला मात्र शिरस्त्याप्रमाणे मिनिटभर मिळून जाते. म्हणजे निदान न झालेल्याला वारेतले रक्त मिळते आणि वेळेवर निदान झालेल्याला मिळत नाही. ही उलटी गंगा थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत किमान १ मिनिट थांबायला सांगितले. त्यामागच्या बहुतेक चाचण्यांतून मोठी जन्मजात व्यंगे असलेली बाळे वगळलेली होती, हे खरे. पण ताबडतोब नाळ बांधण्याच्या सवयीला तरी कोणता पुरावा होता?

तीन किलोच्या पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात साधारण २५० मिली रक्त असते. पहिल्या मिनिटात वारेतून ८० मिलीच्या आसपास रक्त त्याच्याकडे येते. ‘कमकुवत हृदयाला एवढा भार झेपेल का?’ ही शंका नेहमी ऐकू येते. परंतु हे रक्त बाहेरचे नाही. क्षणापूर्वीपर्यंत तेच हृदय ते वारेपर्यंत पोचवत होते.

निळसर बाळांच्या बाबतीत तर हिशेब आणखी बोलका आहे. ऑक्सिजन संपृक्तता ८० टक्के धरा. हिमोग्लोबिन १६ असेल, तर १०० मिली रक्तात सुमारे १७ मिली ऑक्सिजन असतो. १२ असेल, तर जेमतेम १३. निरोगी बाळाचे हिमोग्लोबिन १२ असले, तरी ९८ टक्के संपृक्ततेमुळे त्याला जवळपास १६ मिली मिळतो. संपृक्तता आपल्याला मनासारखी वाढवता येत नाही, हिमोग्लोबिन मात्र राखता येते. शिवाय याच बाळाचे रक्त ब्लड गॅस, कल्चर, क्रॉसमॅच यांसाठी पुन्हापुन्हा काढले जाते आणि काही दिवसांत ते बायपासवर जाते. मग आपण दात्याचे रक्त शोधत बसतो.

अमेरिकेतील ओहायोमध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयदोष असलेली ३० बाळे, नाळ एका गटात लगेच बांधलेली, दुसऱ्यात सुमारे १२० सेकंदांनी. उशिराच्या गटातील ४३ टक्के बाळांना रुग्णालयातून घरी जाईपर्यंत रक्त द्यावे लागले नाही. लगेचच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. सुरक्षिततेच्या निकषांवर ठळक फरक आढळला नाही. तीस बाळांवरून नियम ठरत नाहीत आणि मोठी चाचणी आता अमेरिकेतच सुरू आहे. तरीही घाईच्या बाजूने एवढासुद्धा पुरावा नाही. रक्त घट्ट होणे आणि कावीळ यांवर लक्ष ठेवावेच लागेल. पण हीमॅटोक्रिट आणि बिलिरुबिन आपण या बाळांत एरवीही तपासतोच.

घड्याळाइतकेच श्वासाकडेही बघा. ऑस्ट्रेलियात कोकरांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, फुप्फुसे फुगण्याआधी नाळ बांधली की हृदयाची गती आणि उजव्या जवनिकेतून बाहेर पडणारे रक्त दोन्ही झपाट्याने घटले. आधी श्वास सुरू करून मग बांधली, तेव्हा ही घसरण टळली.

अपवाद आहेत आणि ते आधीच ठरवता येतात. आलिंदांमधला पडदा बंद असलेले हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट, अरुंद फोरामेन ओव्हेल असलेले ट्रान्सपोझिशन, अडथळा असलेले टीएपीव्हीसी, हायड्रॉप्स, किंवा जन्मतः मलूल, श्वास न घेणारे बाळ. इथे सेकंद मोजण्याचा हट्ट नको. याउलट कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये नाडी ५५ असली, तरी बाळ रडत असेल, अंग ताठ धरत असेल, तर केवळ आकड्याला घाबरून क्लॅम्प लावू नये.

म्हणून फीटल इकोच्या अहवालावर चर्चा होते, त्याच बैठकीत प्रसूतितज्ज्ञ, नवजात-शिशुतज्ज्ञ आणि बालहृदयरोगतज्ज्ञ यांनी नाळेचाही निर्णय लिहून ठेवावा: किती सेकंद थांबायचे, कोणत्या स्थितीत थांबायचे नाही, वेळ मोठ्याने कोणती सिस्टर सांगणार. सिझेरियन असले तरी हेच. बाळाच्या केसपेपरवर प्रत्यक्ष सेकंद, पहिले हीमॅटोक्रिट आणि शस्त्रक्रियेपूर्वी दिलेले रक्त या तीन नोंदी असाव्यात. अशा नोंदी दहा बाळांच्या असल्या, तरी आमच्याकडे पाठवा. आम्ही त्या आवर्जून छापू.