कॉम्प्रेसरच्या पाटीवर खरा सीएफएम हवा

गॅरेजसाठी किंवा रंगकामासाठी एअर कॉम्प्रेसर घेणारा माणूस अश्वशक्ती, टाकीचे लिटर आणि सीएफएम, म्हणजे मिनिटाला मिळणारी घनफूट हवा, असे तीन आकडे पाहतो. त्यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत फसवा. लहान पिस्टन कॉम्प्रेसरच्या माहितीपत्रकात तो बऱ्याचदा पिस्टन डिस्प्लेसमेंटचा असतो. 70 मिमी बोअर, 60 मिमी स्ट्रोक, दोन सिलिंडर, 800 आरपीएम असा हिशेब मांडला की मिनिटाला सुमारे 370 लिटर, म्हणजे 13 सीएफएम येतात. प्रत्यक्षात पिस्टन वर पोहोचला तरी हेडखाली थोडी दाबलेली हवा उरते. पिस्टन परतताना ती आधी फुगते आणि तेवढी नवी हवा आत येत नाही. आत येणारी हवा तापून विरळ होते, रिंगा आणि व्हॉल्व्ह गळतात. दाब वाढेल तशी तूट वाढते. एका टप्प्याच्या लहान यंत्रात 7 बारला एक तृतीयांश हवा अशी सहज जाते, आणि स्प्रे गन धापा टाकू लागल्यावर दोष गनला दिला जातो.

म्हणून पाटीवर मोठ्या अक्षरांत एफएडी, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, लिहिणे सक्तीचे असावे. यात बाहेर पडलेली हवा मोजतात आणि आत शिरतानाच्या दाब-तापमानाला ती किती जागा व्यापेल हे काढतात. आयएसओ 1217 मध्ये त्याची रीत ठरलेली आहे. तुलनेसाठी 1 बार, 20 अंश आणि कोरडी हवा धरतात.

उत्पादक म्हणतील की जागा बदलली की हवाही बदलते. खरे आहे. 45 अंशांच्या उन्हाळ्यात त्याच आकारमानात 20 अंशांपेक्षा सुमारे 8 टक्के कमी हवा मावते. पण डिस्प्लेसमेंटचा आकडा तर ही तूट दाखवतही नाही. लहान कारखानदाराला चाचणीचा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी एका मॉडेलची चाचणी एकदाच करायची असते, आणि ढोबळ पडताळा घड्याळावरही मिळतो. 220 लिटरची टाकी 5 वरून 7 बारवर जायला 100 सेकंद लागले, तर 440 लिटर हवा भरली. मिनिटाला 264 लिटर, म्हणजे जेमतेम 9 सीएफएम. टाकीतली हवा तापलेली असल्याने हे उत्तरही थोडे चढेच येते. खरेदीदारांनी पैसे देण्यापूर्वी कोटेशनवर एफएडी किती आणि किती बारला, हे लिहून घ्यावे.